एका मतापुरता घटस्फोट

ऑर्फा हॉगेनला चालायचा कंटाळा कधी आला नाही. आला तो थांबून राहण्याचा. साउथ डकोटातली शेतघरे एकमेकांपासून अर्ध्या-अर्ध्या मैलावर. एका घरून दुसऱ्या घरी जायचे ते वारा तोंडावर घेत. पोचल्यावर आधी कुत्र्याचे भुंकून व्हायचे, मग घरातली बाई पिठाचे हात पुसत दारात येऊन म्हणायची, "अर्जावर सही काय, मी करते गं. पण मत ह्यांचं. ह्यांनाच विचार." हे कुठे? तर शेतात. आणि पेरणीच्या दिवसांत शेतातल्या माणसाशी बोलायचे तर जमिनीच्या टोकाशी जाऊन उभे राहायचे, असा तिकडचा रिवाज. नांगराचे घोडे तिथे येऊन वळत. त्या वळण्याला जेवढा वेळ लागेल तेवढ्यात काय ते बोलून घ्यायचे. वाक्य अर्धे राहिले तर माणूस परत येईपर्यंत थांबायचे. बायकांना मताचा हक्क का हवा, हे ऑर्फाने जिल्ह्यातल्या निम्म्या पुरुषांना असे तुकड्यातुकड्यांनी सांगितले होते.

पहिल्यांदा ती गेली ती बारा वर्षांची असताना, १८९० साली, आईचा हात धरून. तेव्हा राज्यातल्या मतदानात पुरुषांनी 'नाही' म्हटले. १८९८ मध्ये आई थकली होती म्हणून ती एकटी गेली. 'नाही'. १९१०, १९१४, १९१६. तीच पायवाट, तेच कुत्रे किंवा त्यांची पिल्ले, आणि तेच उत्तर. १९१८ मध्ये सहाव्यांदा 'हो' आले. आनंद व्हायला हवा होता, झालाही असेल. तिला आठवते ते एवढेच, की तिने बूट काढले, चुलीजवळच्या खुर्चीत बसली आणि जेवणाची वेळ टळून गेली तरी उठली नाही.

राज्यघटनेच्या त्या वर्षीच्या दुरुस्तीत दोन गोष्टी एका दोरीने बांधलेल्या होत्या. बायकांना मत मिळेल, ही एक. यापुढे मत फक्त नागरिकांनाच असेल, ही दुसरी. दुसरी जोडली म्हणून पहिली तरली, असे सगळेच म्हणत. महायुद्धाचे दिवस होते आणि परक्यांबद्दलचा राग गव्हातल्या तणासारखा माजला होता. ऑर्फाने दोन्ही वाक्ये दारोदारी वाचून दाखवली होती. दुसऱ्या वाक्यावर ती कधी थांबली नाही. ती याच जिल्ह्यात जन्मलेली. ते वाक्य कुणा दुसऱ्याबद्दल होते.

लग्नापूर्वी दहा वर्षे ती शाळेत शिकवत असे. एका खोलीची शाळा, आठ इयत्ता, एक शेगडी. एकतिसाव्या वर्षी, १९०९ मध्ये, तिने सीवर हॉगेनशी लग्न केले आणि लग्न झालेल्या बाईने शिकवायचे नाही हा नियम असल्यामुळे शाळेची किल्ली परत दिली. सीवर वयाने दहा वर्षांनी मोठा. नॉर्वेहून बाविसाव्या वर्षी आलेला, अंगाने ओंडक्यासारखा, बोलायला कमी. कॉफी प्यायचा ती दातात साखरेचा खडा धरून, त्यातून गाळून घेतल्यासारखी. मूलबाळ झाले नाही. बर्फाच्या महिन्यांत त्या घरात दिवसाकाठी वीस-पंचवीस वाक्ये बोलली जात. त्यातली निम्मी गाईंबद्दल असत.

१९२० च्या वसंतात पक्षांची उमेदवार निवडण्याची फेरी झाली, तेव्हा ऑर्फा न्यूमोनियाने अंथरुणाला खिळली होती. त्यामुळे तिचे पहिले मत पडायचे होते ते नोव्हेंबरच्या दोन तारखेला, राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत. ऑगस्टच्या शेवटी ती शेजारच्या मिनर्व्हा क्रॅबबरोबर कोर्टात नाव नोंदवायला गेली.

टेबलामागे वेंडेल प्रॅट होता. हा तिचाच विद्यार्थी. भागाकारात कच्चा, अक्षर मात्र सुरेख.

"बाई, तुम्हाला नाव विचारायचं म्हणजे चमत्कारिकच वाटतं," तो म्हणाला. "पण विचारावं लागतं."

त्याने मिनर्व्हाचे लिहून घेतले. तिचा नवरा ओहायोचा. दोन मिनिटांत काम झाले. मग ऑर्फाचे. जन्म कुठे? इथेच. लग्न? १९०९. नवऱ्याचा जन्म? नॉर्वे.

"मिस्टर हॉगेनांचा दुसरा कागद कुठल्या साली झाला?"

"दुसरा कुठला?"

वेंडेलची लेखणी थांबली. "पहिला कागद म्हणजे नागरिक व्हायचा नुसता इरादा, बाई. दुसरा कागद झाला की माणूस नागरिक होतो. दुसरा झालाय ना त्यांचा?"

"पंचवीस वर्षं मत देतोय तो."

"पहिल्या कागदावर द्यायला मिळायचं आपल्या राज्यात. दोन वर्षांपूर्वी बंद झालं. तुमच्याच दुरुस्तीनं." त्याने मान खाली घातली. "आणि १९०७ चा वॉशिंग्टनचा कायदा असा आहे, की अमेरिकन बाईनं परदेशी माणसाशी लग्न केलं, की ती त्याच्या देशाची होते. तुम्ही नॉर्वेच्या आहात, बाई. अकरा वर्षं झाली."

"वेंडेल, मी अजून समुद्रसुद्धा पाहिलेला नाही."

"कायद्यात समुद्राची अट नाही."

मिनर्व्हा आतापर्यंत गप्प होती, आणि गप्प राहणे तिच्या प्रकृतीला मानवत नसे. "आणि हिच्या जागी पुरुष असता, आणि त्यानं नॉर्वेची बायको आणली असती, तर?"

"तर बायको अमेरिकन झाली असती."

"वा! म्हणजे गाडी एकाच बाजूनं ओढायची." ती ऑर्फाकडे वळली. "मी तर तुझ्या अर्जावर तिसऱ्या खेपेला सही केली, तीही तू जावीस म्हणून, भाकरी जळत होती. आणि मत मला!"

"याला काही उपाय?" ऑर्फाने विचारले. शाळेत मुलांचा गोंधळ चालू असताना ती ज्या सपाट आवाजात बोलायची, तोच आवाज.

वेंडेलने बोटे मोजली. मिस्टर हॉगेनांचा जुना कागद मुदत संपून बाद झाला होता. त्यांनी आता नव्याने पहिला काढावा, दोन वर्षे थांबावे, मग परीक्षा देऊन दुसरा. ते नागरिक झाले की ऑर्फाही झाली. म्हणजे १९२३ उजाडणार. दुसरा उपाय घटस्फोटाचा. लग्न संपले की ती जिथल्या तिथे पुन्हा अमेरिकन. तिसऱ्या बोटापाशी तो अडखळला.

"तिसरा मी सांगते," मिनर्व्हा म्हणाली. "सीवर मेला तर."

"तेव्हा कागद लागत नाही," वेंडेल हळूच म्हणाला. "आपोआप होतं."

मग वातावरण हलके करावे म्हणून तो हसला. "एक नोव्हेंबरपर्यंत घटस्फोट घ्या, दोनला मत द्या, तीनला परत लग्न करा. बसलात पुन्हा नॉर्वेत."

कुणी हसले नाही. वर्गातही त्याचे विनोद असेच पडत.

घरी आल्यावर तिने सीवरला सांगितले तेव्हा तो खोगिराचा पट्टा शिवत होता. त्याने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, "पण मी राजाला सोडलं होतं."

"कधी?"

"चौऱ्याण्णव साली. पक्षाचा एक माणूस आला होता, निवडणुकीच्या आधी. आम्हा नऊ पोरांना गाडीत घालून कोर्टात नेलं. हात वर करायला लावला. स्वीडन-नॉर्वेच्या राजाची ताबेदारी सोडतो, असं म्हणायला लावलं. नंतर बिअर पाजली, आणि आठवड्यानं मतदानाला नेलं." त्याने सुई थांबवली. "राजा सोडला, मत दिलं. आणखी काय उरतं माणसाचं व्हायचं?"

हीच समजूत त्या खोऱ्यातल्या निम्म्या घरांत होती. राज्याने पहिल्या कागदावर मताचा हक्क दिला, आणि ज्याला मत आहे तो परका कसा असेल? दुसऱ्या कागदासाठी शहरात जायचे, दोन साक्षीदार न्यायचे, आणि तेही नेमके कापणीच्या दिवसांत. पुढच्या वर्षी करू, असे म्हणत म्हणत माणसांचे केस पिकले होते. ऑर्फाने हे सगळे समजून घेतले. समजून घेण्यात तिचे आयुष्य गेले होते, आणि आता तिला त्याचाच शीण आला होता.

ती रागावली नाही. सीवरला ते जड गेले असावे. पुढचे तीन दिवस तो गोठ्यात जास्त राहिला. चौथ्या दिवशी कॉफीच्या वेळी त्याने साखरेचा खडा बशीत परत ठेवला.

"त्या पोरानं सांगितलं ते करू."

"कुठल्या पोरानं?"

"वेंडेलनं. एकला सोड, तीनला धर."

"तो थट्टा करत होता, सीवर."

"कायदा थट्टा करत नाही ना? मग झालं तर."

"घटस्फोट असा मागून मिळत नाही. कारण लागतं. तू दारू पीत नाहीस, पळून गेला नाहीस, दुसरी बाई नाही..."

"बाई कुठून आणू आता या वयात? गुडघे दुखतात."

ती हसली. कितीतरी दिवसांनी.

"छळ," तो म्हणाला. "मी चौकशी केली. छळ चालतो. सांग, मी मारतो."

"तू? कोंबडी धरायलासुद्धा मला हाक मारतोस."

"जज्जाला काय ठाऊक?" मग तो टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाला, "ऑर्फा, तू पंचवीस-तीस वर्षं चाललीस. मी एक दिवस शहरात गेलो नाही. मला हे एवढं तरी करू दे."

ती हो म्हणाली. खोटे बोलावे लागणार हे तिला कळत होते, पण सहा वेळा खरे बोलून पाहिले होते. गावातल्या वकिलाने अर्ज लिहून दिला. नवऱ्याच्या 'पराकोटीच्या क्रूर वागणुकीमुळे' अर्जदारास मानसिक व शारीरिक यातना झाल्या. सीवरने तो कागद दोनदा वाचून घेतला आणि म्हणाला, "फारच वाईट माणूस दिसतो हा."

ऑक्टोबरच्या मध्यावर फिरते जज्ज आले. सुनावणी दुपारी एकची. सकाळी सीवरने मोटार काढली, ऑर्फाने नेहमीप्रमाणे डबा केला – बटाट्याच्या पातळ पोळ्या, लोणी लावून गुंडाळलेल्या, आणि डुकराचे थंड मांस – आणि दोघे बरोबर निघाले. वेगवेगळे जावे हे दोघांच्याही डोक्यात आले नाही. गाडी एक, रस्ता एक. अकरा वर्षांची सवय. साडेबारा वाजता कोर्टाच्या पायऱ्यांवर उन्हाचा पट्टा होता, तिथे बसून त्यांनी डबा उघडला. वारा होता म्हणून सीवरने आपला कोट तिच्या गुडघ्यांवर टाकला. शेवटची पोळी त्याने नको म्हटली, मग तिने नको म्हटली, मग अर्धी-अर्धी झाली.

जज्जांच्या खोलीची खिडकी नेमकी त्या पायऱ्यांवर होती.

"मिसेस हॉगेन," जज्ज म्हणाले. सावकाश बोलणारा, दाढदुखीने गाल धरून बसलेला माणूस. "तुमचा नवरा तुम्हाला मारतो?"

ऑर्फा उभी होती. तोंडाशी आलेला शब्द तिथेच राहिला. बायबलवर हात ठेवून झाला होता. मुलांना ती सांगायची, की या देशात राजा नाही, म्हणून शपथेला किंमत आहे. शपथही गेली तर काहीच उरत नाही. ते तिला खरे वाटत असे. अजूनही वाटत होते, हेच अवघड होते.

"नाही, साहेब," ती म्हणाली.

वकिलाने डोळे मिटले.

"शिवीगाळ? उपासमार?"

"नाही."

"उपासमार नाही हे मीच पाहिलं, पायऱ्यांवर." कोर्टात खसखस पिकली. "मग क्रूर वागणूक कोणती?"

"त्यानं..." ती थांबली. "त्याच्या आळसापायी माझा देश गेला, साहेब. मारलं असतं तर वळ उठले असते, कुणाला दिसले असते."

हसणे थांबले. जज्जांनी गालावरचा हात काढला. "हे खरं असेल. पण कायद्याच्या व्याख्येत ते क्रौर्य नाही. असले खटले मी ओळखतो, बाई. हा तिसरा या महिन्यातला. नवरा-बायकोनं संगनमतानं..."

"आहे!" मागून सीवर उठला. उठताना बाक सरकून मोठा आवाज झाला. "क्रौर्य आहे. मी केलंय. हिला माहीत नाही."

"तुम्ही खाली बसा."

"दहा साली आमच्या लग्नाला वर्ष झालं होतं," सीवर बसला नाही. "ही गावभर सह्या गोळा करत होती. मतदानाच्या दिवशी मी आत गेलो. तिथे सगळे आपले लोक, हसत होते. म्हणत होते, सीवर, उद्यापासून भांडी कोण घासणार, तू? मी 'नाही'वर खूण केली. घरी येऊन सांगितलं, तुझ्या बाजूनं दिलं. हिनं त्या दिवशी माझ्यासाठी साईची खीर केली होती."

ऑर्फा त्याच्याकडे पाहत राहिली. हे तो खटल्यासाठी रचतो आहे का? पण सीवरला रचता येत नसे. त्याची मान लाल झाली होती, खालून वर, कानांपर्यंत. त्या वर्षी बायकांची मागणी हरली तेव्हा, सगळे बुडाले तरी निदान माझ्या घरातले एक मत तरी पडले, असे म्हणून तिने स्वतःला सावरले होते. ती दहा वर्षे त्या एका मतावर उभी होती.

"चौदा साली?" तिने विचारले. जज्जांना नाही, त्याला.

"तुझ्या बाजूनं. सोळालाही. अठरालाही. देवाशपथ."

"देवाची शपथ कशाला घालतोस? कोर्टात उभा आहेस."

जज्जांनी दोघांकडे पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हते. "मिस्टर हॉगेन," ते म्हणाले, "विरुद्ध मत देणं हे क्रौर्य धरलं, तर या जिल्ह्यात एकही लग्न टिकणार नाही. माझंसुद्धा. अर्ज फेटाळला."

बाहेर आल्यावर पायऱ्यांवरचा उन्हाचा पट्टा सरकून रस्त्यापलीकडे गेला होता. वकील टोपी घालून निघून गेला. मिनर्व्हा साक्षीला म्हणून आली होती, तिला कुणी बोलावलेच नाही. तिने ऑर्फाचा दंड धरला. "माझ्याकडे चल आज. राहा हवे तितके दिवस. मी त्या माणसाला दाराशीसुद्धा..."

"नको," ऑर्फा म्हणाली. "दूध काढायचंय."

मिनर्व्हाने दंड सोडला. मग ऑर्फाने सीवरकडे न बघता विचारले, "वेंडेल आहे का आत?"

"असेल. पाचपर्यंत असतो."

"मग जा. पहिला कागद नव्यानं काढ."

"आत्ता?"

"'आत्ता म्हणजे कधी' हे तू मला विचारू नकोस."

तो गेला. ऑर्फा मोटारीत जाऊन बसली. तिने मनात वर्षे मांडली. आज १९२० चा ऑक्टोबर, दोन वर्षे म्हणजे बावीस, मग परीक्षेची तारीख, साक्षीदार, तेवीस. राष्ट्राध्यक्षाची पुढची निवडणूक चोविसाला. तेव्हा ती सेहेचाळीस वर्षांची असेल. पंधरा दिवसांनी मिनर्व्हा मत देईल, वेंडेलची बायको देईल. ज्यांनी तिच्या तोंडावर दार लावले होते, त्याही देतील. तिला त्यांचा हेवा वाटायला हवा होता. तिला फक्त झोप येत होती.

सीवर अर्ध्या तासाने आला. मोटार सुरू करायला त्याला दांडा चारदा फिरवावा लागला.

"या खेपेला नॉर्वेचा राजा सोडायला लावला," आत बसताना तो म्हणाला. "मागे स्वीडनचा होता. मध्ये दोन्ही देश वेगळे झाले म्हणे. दोन राजे सोडून झाले माझे."

कापलेल्या गव्हाची रिकामी शेते दोन्ही बाजूंनी मागे जात होती.

"दहा सालचं मी विसरणार नाही," बऱ्याच वेळाने ती म्हणाली.

"नको विसरूस."

"माफही करेन की नाही, माहीत नाही."

"बरं."

आणखी मैलभर रस्ता मागे पडला. मग सीवरने घसा साफ केला. "वेंडेल म्हणाला, परीक्षा जड असते. राज्यघटना विचारतात. नापास झालं की परत सगळं पहिल्यापासून." तो रस्त्याकडे बघत होता. "मी नापास झालो, तर तूही झालीस, असं म्हणाला."

ऑर्फाने डोळे मिटले आणि उघडले. दहा वर्षांत तिने ज्या मुलांना शिकवले त्यांत मठ्ठ होते, उनाड होते. पण त्यांतल्या कुणाच्याही हातात तिचे स्वतःचे असे काही नव्हते.

"कायदे कोण करतं?" तिने विचारले.

"काय?"

"या देशात. कायदे कोण करतं?"

सीवरने विचार केला. मोटार खडकावरून गेली, दोघेही उडाले, पुन्हा बसले.

"गव्हर्नर?" तो म्हणाला.

"नाही," ऑर्फा म्हणाली. तिने टोपीची पिन काढली, टोपी मांडीवर घेतली, आणि पाठ मागे टेकली. "ऐक नीट. आधी मी सांगते, मग तू सांग."